दार चावतं

९ नोव्हेंबर

चिमे,

तुझं पत्र येऊन पडलंय, पण उत्तराला बसलो की वीज जाते. ती आणायला उठतो, परत येतो, तोवर काय लिहायचं होतं ते विसरतो. आज पेन धरलं आहे तर संपवूनच उठणार.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. कानात यंत्र घातलं की फोन शिट्टी मारतो आणि काढलं की तू डबीतल्या माशीसारखी गुणगुणतेस. पत्रात निदान मला तुला पुन्हा पुन्हा "काय?" विचारावं लागत नाही.

तू गुडघ्यांमुळे इकडे कधी आलीच नाहीस, म्हणून आमचं घर कसं आहे ते सांगतो. लांबून बघितलंस तर चाकांवर ठेवलेली पत्र्याची मोठी पेटी दिसेल. आत मात्र सगळं आहे. ओटा आहे, बेसिन आहे, बेसिनखाली पाणी तापवायची टाकी आहे. जेवायचं टेबल आहे, तेच खाली दाबलं की पलंग. तुझी वहिनी म्हणते, इथे भांडून दुसऱ्या खोलीत जायची सोय नाही, म्हणून आपला संसार टिकलाय. मी जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक हाकले आणि ती खिडकीत बसून राहिली. म्हातारपणी फिरवीन असं तिला कबूल केलं होतं. गाडीमागे हा ट्रेलर जोडून दोन वर्षं फिरवलंही. मग माझे डोळे अधू झाले, गाडी गेली, आणि ट्रेलर ह्या तळावर टेकला तो टेकलाच. खाली लाकडी फळ्या, फळ्यांवर जॅक, चाकांना दगड. आजूबाजूला असेच दहा-बारा ट्रेलर आणि त्यांत आमच्यासारखीच दहा-बारा जुनी भांडी.

तळावर प्रत्येकाला एक खांब दिलाय. खांबाला पेटी. आपल्या घराची जाड केबल पेटीत खुपसायची की घरात वीज. ऐकायला सोपं आहे. पण त्या पेटीत एक स्विच आहे, तो आपला आपण खाली पडतो. खट्. की सगळं बंद. मी बाहेर जातो, काठीने तो वर ढकलतो, घरात येऊन बसतो, की पुन्हा खट्. चहाचं पाणी निम्मं तापलेलं, भात निम्मा शिजलेला. तळाच्या रखवालदाराला रोज सांगतो. तो म्हणतो, "होईल काका, होईल." सगळे त्याला होईलराव म्हणतात. अजून त्याच्या हातून झालेलं कोणी पाहिलेलं नाही.

मी काठीने ढकलतो ह्यावर हसू नकोस. आपल्या घरी पहिल्यांदा वीज आली तेव्हा मी बटण लाटण्याच्या टोकाने दाबायचो, तो मीच आहे. माझी भीती काही मोडली नाही. रबरी चपलेशिवाय मी जमिनीला पाय लावत नाही. अंघोळीलाही घालतो. तुझी वहिनी म्हणते, तुम्हाला पोचवायच्या वेळीसुद्धा ह्या पायात ठेवाव्या लागतील.

मेहुणे असते तर एवढं लिहायची वेळ आली नसती. नुसतं खांबाकडे बघून त्यांनी सांगितलं असतं. त्यांच्या तोंडून ऐकलेलं तुला काही आठवत असेल तर कळव. मी थकलोय ग. ह्या वयात माणसाने कशाचीच कटकट मागे लावून घेऊ नये, पण ती लागते.

दादा


१८ नोव्हेंबर

दादा,

लाटण्याचं आठवतं. आई त्याच लाटण्याने तुझ्या पाठीत घालायची तेही आठवतं.

आमचे हे म्हणायचे, पडणारा स्विच हा घरातल्या म्हाताऱ्यासारखा असतो. उगाच खोकत नाही, कोणीतरी चोरपावलांनी आत आलेलं असतं. म्हणजे कुठेतरी करंट गळतोय. घरातल्या सगळ्या वस्तू बंद कर, मग एकेक चालू करून बघ. जिच्यामुळे स्विच पडेल ती दोषी. पण नुसतं शोधून थांबू नकोस, वायरमन बोलव. होईलराव नव्हे, खराखुरा वायरमन. मी चाळीस वर्षं वायरमनच्या घरात राहिले तरी अजून फ्यूज आणि फुटाणा ह्यांतला फरक सांगू शकत नाही. वस्तू हातात धरल्या त्या फक्त त्यांचा डबा आणि त्यांची मळकी पँट.

माझं चाललंय. शिवणाच्या दुकानात बसून दुसऱ्यांचे कपडे आत घ्यायचे, बाहेर सोडायचे. जिना चढताना मधल्या वळणावर एक खुर्ची ठेवलीय शेजाऱ्यांनी. सगळे म्हणतात ती वर्तमानपत्रांसाठी आहे. मला माहीत आहे ती माझ्यासाठी आहे.

वहिनी काय म्हणतात? लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांना एक ना एक दुखतंच आहे. आपल्या आईने कधी हूं की चूं केलं नाही. असो, नमस्कार सांग.

चिमी


३० नोव्हेंबर

चिमे,

मिटलं एकदाचं. म्हणून तुला लगेच कळवतो.

तू लिहिलंस तसं केलं. सगळं बंद करून एकेक चालू केलं. दोषी निघाली ती पाणी तापवायची टाकी. तिचं बटण दाबलं की खट्. आता ती बंद ठेवावी, तर थंडी वाढलीय. सकाळी गरम पाण्यात हात घातल्याशिवाय तुझ्या वहिनीची बोटं उघडत नाहीत. वायरमनला निरोप धाडला होता, तो आला नाही. मी पुन्हा होईलरावाकडे गेलो. इतक्या वेळा गेलो की तो वैतागला आणि चक्क उठला.

त्याने आमची केबल पुढच्या खांबावरून काढली आणि मागच्या जुन्या खांबाला नेली. त्या पेटीत पडणारा स्विचच नाही. पडायला नको आणि उचलायला नको. फक्त तिथल्या सॉकेटला दोनच भोकं आहेत आणि आमच्या प्लगला तीन पाय. मग त्याने खिशातून एक जोड काढला. मागून तीन भोकं, पुढे दोन पाय. तिसरी पिन जोडात जाते आणि तिथेच थांबते, पुढे तिचं काही नाही. तुला खरं सांगतो, मला त्याने हायसंच वाटलं. ती तिसरी पिन सगळ्यात लांब आणि सगळ्यात जाड. एवढी जाड म्हणजे सगळ्यात जास्त करंट तीच ओढून आणत असणार, आणि तो जास्तीचा करंट सोसेना म्हणून स्विच पडत असणार. होईलरावाला तसं म्हणालो. तो म्हणाला, "असेल काका."

तेव्हापासून एकदाही वीज गेली नाही. पाणी तापतं. चहा एका दमात होतो. मी दुपारी झोपलो, कितीतरी दिवसांनी.

तुझ्या वहिनीच्या हाताला मुंग्या येतात म्हणते. थंडीमुळे असेल. बाकी ठीक.

दादा


१० डिसेंबर

दादा,

तुझं पत्र दुकानात उभ्या उभ्या वाचलं. मालकीणबाईंनी शाळेच्या गणवेशांचा डोंगर आणून टाकलाय. आख्ख्या शाळेच्या कमरा एका वर्षात वाढल्यात. तुला झोप लागली हे वाचून बरं वाटलं.

मुंग्यांचं मनावर घेऊ नकोस. माझ्या पायांना रोज येतात. आपल्या वयात मुंग्या येणारच, एकदम वारूळ होत नाही हे नशीब.

डोळे दुखतायत म्हणून एवढंच.

चिमी


२४ डिसेंबर

चिमे,

कसं लिहावं ते समजत नाही. तुझ्या वहिनीच्या डोक्यात काहीतरी बिघाड झालाय.

ती म्हणते, दार चावतं.

आधी नुसत्या मुंग्या म्हणत होती. मग म्हणायला लागली की दाराच्या कडीला हात लावला की खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात. मग एक दिवस ओरडलीच. मी आत बसलो होतो, मलाही ऐकू गेलं म्हणजे बघ. बाहेर आलो तर पायरीशी उभी, हात छातीशी धरलेला, आणि म्हणते, "अहो, हे घर मला आत घेत नाही." मी म्हणालो, "कुठे चावतं, दाखव." पायरीवरून खाली उतरलो आणि तिच्यासमोर कडी धरून दाखवली. नुसती धरली नाही, धरून उभा राहिलो. गार पत्रा, दुसरं काही नाही. मी विजेला किती भितो ते तुला माहीत आहे. तरी तिच्यासाठी धरली. वर ती मलाच म्हणते, "तुम्हाला नाही चावत. मलाच चावतं."

तिचं तुला ठाऊकच आहे. ट्रेलरमध्ये माती येऊ नये म्हणून चपला खाली काढायच्या, पायरीजवळच्या नळावर पाय धुवायचे, मग आत यायचं. तीन वर्षं हेच करत आली. आता ती खाली घुटमळत राहते आणि मला हाक मारते, दार तुम्ही उघडा म्हणून. मी उघडलं की चौकटीला हात न लावता, अंग चोरून, चोरासारखी आत शिरते. एकदा आत गेली की काही नाही. ओट्याला हात लावते, नळाला लावते, सगळं व्यवस्थित.

मग तिने कडीला चिंधी गुंडाळली. जुन्या परकराची, घट्ट, वर दोरा. शेजारचे येता-जाता बघतात आणि आपसात हसतात. मी ती सोडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंडाळलेली. मी पुन्हा सोडली. तेव्हापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते. दिवसभर बाहेर घडीच्या खुर्चीवर शाल पांघरून बसलेली असते.

मुलाला कळवलं. तो येऊन तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, हाताच्या शिरा अशक्त झाल्यात, वयाने होतं. पण दार चावतं म्हणते ते लक्षण चांगलं नाही. मग त्यांनी तिला विचारलं, आज कोणता वार? ती म्हणाली, "तुमच्या मागे कॅलेंडर आहे, तुम्हीच बघा की." डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं.

मुलाचं म्हणणं, आईला आता अशा ठिकाणी ठेवायला हवं जिथे कोणी चोवीस तास बघेल. त्याच्या घराजवळ विसराळू म्हाताऱ्यांसाठी एक निवास आहे. तिथे तिला जागा मिळतेय. मला नाही. माझं डोकं ठीक आहे म्हणे, त्यामुळे मला घेत नाहीत. त्याची स्वतःची दोनच खोल्यांची जागा, त्यात पोरं. मी म्हणालो, मी इथेच राहतो. मग दुसरं काय म्हणणार? दहा जानेवारीला तो गाडी घेऊन येणार आहे.

मी तिला सांगितलं तेव्हा ती खुर्चीवर बसून शेंगा सोलत होती. म्हणाली, "बरं." सोलायची थांबली नाही.

चिमे, एवढी वर्षं मी रस्त्यावर होतो आणि ती घरी. आता कुठे एका टेबलावर जेवायला लागलो होतो. तू सांग, मी चुकतोय का? मुलाला नाही म्हणू का? पण तिला खरंच बरं नसेल आणि मी स्वार्थापायी ठेवून घेतलं, तर?

दादा


२७ डिसेंबर

वन्सं,

मी तुम्हाला कधी पत्र लिहीत नाही. तुमच्या दादांच्या पत्रात "नमस्कार" म्हणून असते तेवढीच. आज त्यांना न सांगता लिहितेय, कारण ह्या तळावर माझं ऐकणारं कोणी उरलेलं नाही.

तुम्हालाही मी कुरकुरी वाटते हे मला माहीत आहे. वाटू द्या. पण वन्सं, मी वेडी नाही. मला वार माहीत होता, मंगळवार होता. डॉक्टर मान वर न करता विचारत होता म्हणून सांगितला नाही.

बाहेर बसून बसून मी काही गोष्टी पाहिल्यात, त्या लिहिते. पायात चप्पल असली की दार चावत नाही. मी मुद्दाम दोनदा करून बघितलं. चप्पल काढून ओल्या मातीवर उभी राहिले आणि कडीला बोट लावलं की चावतं. माती कोरडी असली तर कमी. सकाळी पाण्याची टाकी चालू असते तेव्हा सगळ्यात जास्त, आणि टाकीचं बटण बंद असलं की अजिबात नाही. आम्ही मागच्या खांबाला केबल नेली त्याच्या आधी असं कधी झालं नव्हतं. हे सगळं मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं बरं, तू शांत पड." त्यांना वाटतं वेडी माणसं असाच हिशेब मांडतात.

तुमचे यजमान वायरमन होते. त्यांनी कधी अशा घराबद्दल सांगितलं होतं का, एवढंच विचारायचं आहे. सांगितलं नसेल तर मी निवासात जाते. तिथे निदान दार लाकडी असेल.

ह्यांचं मला वाईट वाटतं. माणूस भित्रा आहे, वाईट नाही. माझ्यामागे भाताला पाणी किती घालायचं ते त्यांना कोण सांगणार?

तुमची वहिनी


२ जानेवारी

दादा,

वहिनींचं पत्र काल आलं. तुझं त्याच्या आधी आलं होतं आणि मी उशाशी ठेवून दिलं होतं. काय लिहावं सुचत नव्हतं. खोटं कशाला बोलू, तिला पाठवून दे असंच लिहिणार होते.

वहिनींचं पत्र वाचलं. तशीच उठले आणि आमच्या ह्यांच्या जुन्या जोडीदाराच्या दुकानात गेले. त्याला अर्धंच वाचून दाखवलं. तो स्टुलावरून उठला आणि म्हणाला, "वहिनी, आधी फोन लावा. त्या बाईला दाराला हात लावू देऊ नका." त्याच्याच दुकानातून तळाच्या ऑफिसात फोन लावला. तुझा होईलराव भेटला. म्हणाला, सांगतो, होईल. मी म्हणाले, "होईल नाही, आत्ताच्या आत्ता जा, टाकी बंद कर, त्या खांबावरून केबल काढ आणि वायरमनला हाताला धरून आण. माझ्या वहिनीला काही झालं तर मी गुडघे घेऊन तिथे येईन आणि तुझ्या ऑफिसच्या दारात बसेन." जोडीदाराने फोन हातातून घेतला आणि त्याला असं काही सुनावलं की मला साडीचा पदर तोंडावर धरावा लागला. म्हणजे हे पत्र पोचायच्या आधीच तुला निरोप मिळाला असेल. नसेल तर वाचणं थांबव आणि केबल काढ. तुझ्या काठीने नव्हे, खांबावरचा मोठा खटका खाली ओढून मग काढ.

आता ऐक. टाकीतून करंट गळतोय. तो पत्र्यात उतरतो आणि तुमचं आख्खं घर बाहेरून जिवंत होतं. खाली रबराची चाकं, लाकडी फळ्या, त्यामुळे त्याला जमिनीत जायला वाट नाही. ती वाट देण्यासाठीच तिसरी पिन असते, दादा. ती करंट आणत नाही, वाट चुकलेला करंट परत जमिनीत नेते. होईलरावाने ती वाट बुजवली आणि तुला हायसं वाटलं. मग करंटने वहिनींमधून वाट काढली. त्या अनवाणी, ओल्या मातीवर, हात कडीला. आत गेल्यावर पाय जमिनीवर नसतात, म्हणून आत त्यांना काही लागायचं नाही.

आणि तू दहा वेळा धरलीस तरी तुला काही लागलं नाही, कारण तुझ्या पायात रबरी चपला. तुझ्या भीतीने तुला वाचवलं आणि त्यांना खोटं पाडलं.

तू तिसऱ्या पिनेचं मला तेव्हाच लिहिलं होतंस. मी उभ्या उभ्या वाचलं आणि वारुळाचा विनोद केला. वायरमनची बायको!

मुलाला मी फोन करते. वहिनींना हे पत्र वाचायला दे, त्यांना वेगळं लिहायला मला तोंड नाही. त्यांना सांग, त्यांनी चिंधी गुंडाळली तेच त्या तळावरचं एकमेव शहाणपणाचं काम होतं.

चिमी


१२ जानेवारी

चिमे,

तुझा निरोप होईलराव पळत घेऊन आला. त्याला पळता येतं हे तळावर कोणाला माहीत नव्हतं. केबल काढली. दोन दिवस आम्ही विजेशिवाय काढले. तुझ्या वहिनीने शेजारच्यांच्या शेगडीवर पाणी तापवून आणलं. मी सोबत गेलो, भांडं मी धरलं.

वायरमन आला तो एक बाई निघाली. कमरेला पट्टा, तोंडात सुपारी. तिने मला काही विचारलंच नाही, तुझ्या वहिनीला विचारलं, "कधी चावतं? कुठे उभं राहिल्यावर?" वहिनीने तुला लिहिलं तेच सगळं सांगितलं. बाई म्हणाली, "आजी, तुम्ही माझं अर्धं काम करून ठेवलंत." मग तिने आम्हाला लांब उभं केलं, केबल जुन्या खांबाला जोडली, टाकी चालू केली, आणि एका बल्बची एक तार आमच्या कडीला लावली आणि दुसरी ओल्या मातीत खोचलेल्या सळईला.

चिमे, बल्ब पेटला. मिणमिणता, पण पेटला. नुसत्या आमच्या दारावर. ज्या दाराला ती रोज हात लावत होती. मी खाली बसलो. तुझी वहिनी उभीच होती. ती बल्बकडे बघत होती आणि मान हलवत होती, ओळखीचं माणूस लांबून दिसावं तशी.

बाईने टाकीतली गळकी कॉइल काढून नवी घातली. तो जोड होईलरावाच्या समोर पायाखाली चिरडला. जुन्या खांबाचा खटका ओढून त्याला कुलूप लावायला लावलं. केबल पुढच्या खांबावर आणली, तीन पायांसकट, आणि बल्ब पुन्हा कडीला लावून दाखवला, तो पेटला नाही. तो पडणारा स्विच पुन्हा आमच्या नशिबी आला. मी आता त्याला शिव्या देत नाही. बाईने स्वतः मुद्दाम तो पाडून दाखवला, म्हणाली, "काका, हा पडला तर देवाचे आभार माना आणि मला बोलवा."

एवढं झालं आणि तुझी वहिनी तरीही घरात यायला तयार नाही. रात्री मी दार उघडायचो, ती पूर्वीसारखी अंग चोरून आत यायची, आणि दिवस उजाडला की बाहेर खुर्चीवर. मी म्हणालो, आता नाही चावत. ती म्हणाली, "आधीही चावत नाही असंच म्हणायचात."

दहा तारखेला मुलगा आला. तू त्याला फोनवर सांगितलं होतंस, तरी तो गाडी घेऊन आला. त्याचं म्हणणं, दार नीट झालं असेल, पण आईचं काय? ती आत जात नाही हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. तिची बॅग तिने आधीच भरून पायरीशी ठेवलेली. तो म्हणाला, "आई, चल ना. तिथे हीटर आहे, माणसं आहेत." ती उठली, शाल नीट केली. मला वाटलं, झालं. चालली.

ती म्हणाली, "थांब रे. मला एक बघायचंय." आणि माझ्याकडे वळली. "चपला काढा."

मी म्हणालो, "कशाला?"

"काढा म्हणते ना. दोन्ही."

काढल्या. चिमे, जमिनीला पाय लावून मला किती वर्षं झाली असतील कोणास ठाऊक. माती थंडगार लागली, तळवा चुरचुरला. तिने नळ सोडला आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं, चांगलं घोट्यापर्यंत. टाकी आत चालू होती. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू दे, काहीतरीच काय." ती म्हणाली, "तू मधे बोलू नकोस. हे माझं आणि ह्यांचं आहे."

माझा हात पुढे जाईना. मला ठाऊक होतं की सगळं नीट झालंय. बाईने दाखवलं होतं, बल्ब विझलेला मी बघितला होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि ओल्या पायांनी उभं राहणं वेगळं. मनात आलं की ही रोज इथे अशीच उभी राहत होती, चावणार हे माहीत असून, आणि मी आतून ओरडायचो, "ये ना, दार उघडंच आहे."

मी कडी धरली.

काही झालं नाही. गार लोखंड. तरी मी सोडली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, डॉक्टरने तिच्याकडे बघायला हवं होतं तसं. मग तिने आपल्या चपला काढल्या, पाय धुतले आणि माझ्या हाताच्या शेजारी आपलं एक बोट कडीला टेकवलं. मग दुसरं. मग पूर्ण हात.

मग दार ओढून उघडलं, माझ्या काखेखालून वाकून आत गेली, आणि आतून मुलाला म्हणाली, "ती बॅग आत आण. आणि चहा घेऊन जा, एवढ्या लांब आलायस तर."

मुलगा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग बॅग उचलून आत घेऊन गेला. मी आपला तसाच उभा. पाय गारठले होते पण बोटं उघडेनात. आतून भांड्यांचा आवाज आला, पाणी सोडल्याचा आला. तिने दारातून डोकं बाहेर काढलं.

"अहो, सोडा आता ते. चाकं असली तरी पळून जात नाही घर."

दादा

ता. क. चपला पायरीखाली तिच्या चपलांशेजारी ठेवतो आता. आत अनवाणी. फरशी भयंकर गार आहे. तुझ्या दुकानात जाड लोकरीचे मोजे मिळत असतील तर दोघांच्या मापाचे पाठव.